जहाज धक्क्याला, नाना फाटकावर: मुरगावातल्या एका पंचाहत्तरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईहून निघालेलं प्रवासी जहाज सकाळी मुरगाव बंदरात लागतं आणि संध्याकाळी परत फिरतं, हे हंगामात आमच्याकडे आता नेहमीचं झालं आहे. प्रवाशाला गोव्याची जमीन मिळते ती जेमतेम आठ-नऊ तास. बहुतेक जण त्यात जुनं गोवे आणि एखादं देऊळ पाहतात, काजू घेतात आणि बुफेला परत पोचतात. काही तर उतरतच नाहीत; पोहण्याचा तलाव रिकामा मिळतो तो याच दिवशी.

या प्रकरणातलं कुटुंब डोंबिवलीचं. बारा माणसं, निमित्त नानांच्या पंचाहत्तरीचं. नाना बँकेतून निवृत्त झाले आणि कदंबांच्या, म्हणजे गोव्याच्या जुन्या राजघराण्याच्या, मागे लागले. पहिल्या जयकेशीने अकराव्या शतकात राजधानी चंद्रपुराहून, म्हणजे आजच्या चांदरहून, झुआरीकाठच्या गोपकपट्टणाला हलवली. आपलं जहाज ज्या झुआरीच्या मुखाशी लागणार तिथूनच कदंबांची गलबतं ये-जा करत, हे ते महिनाभर घरात सांगत होते. वडिलांना गोव्याला न्यायचं तर रेल्वेने नव्हे, समुद्रानेच, असं मुलांनी ठरवलं ते त्यामुळे.

माणसं अशी: नाना आणि माई, थोरला मुलगा दादा, वहिनी आणि त्यांची पंधरा वर्षांची मुलगी, ताई, जावईबापू आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा, नानांचे धाकटे भाऊ भाऊकाका आणि काकू, माईंची बहीण म्हणजे मावशी, आणि मावशीचे यजमान. सहलीचे सूत्रधार जावईबापू. बुकिंग त्यांचं, व्हॉट्सॲपचा ग्रुप त्यांचा, आणि बाराही जणांच्या आधार कार्डांचं प्लास्टिकचं पाकीट त्यांच्याच गळ्यात.

मी फोंड्यात स्थानिक मार्गदर्शक आणि चालकांचे वर्ग घेतो. हे प्रकरण मला टेंपो ट्रॅव्हलरच्या चालकाकडून कळलं, नंतर जावईबापू आणि दादांशी सविस्तर बोलणं झालं. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. नाती ठेवली आहेत, नावं काढली आहेत. जहाजाचं आणि देवळाचंही नाव मुद्दाम देत नाही.

अडचण कागदावर कशी होती

जहाज सात वाजता लागणार आणि साडेपाचला सुटणार, असं बुकिंगच्या कागदावर होतं. हा कागद जावईबापूंना पाठ होता. पण जहाजावर दुसरा एक कागद असतो. आदल्या रात्री केबिनच्या दाराखालून एक दैनिक पत्रक आत सरकवलेलं असतं. त्यात नाश्ता कुठे, नाच-गाणं किती वाजता, आणि बंदरात उतरणाऱ्यांनी किती वाजेपर्यंत परत यायचं, हे छापलेलं असतं. त्या पत्रकात परतीची वेळ साडेचार होती. गँगवे, म्हणजे जहाजाची शिडी, पाचला उचलणार होते. शेवटच्या माणसाची नोंद, प्रवाशांची यादी बंद करणं, बंदराच्या कागदपत्रांवर सह्या, जहाज बंदराबाहेर काढून देणाऱ्या पायलटचं येणं, दोर सोडणं, हे सगळं सुटण्याच्या वेळेआधी उरकावं लागतं. एसटीसारखं शेवटच्या क्षणी मागच्या दाराला लटकता येत नाही.

बारा जणांत पाच केबिनी होत्या, त्यामुळे पाच पत्रकं आली. चारांवर रात्री चिवड्याच्या वाट्या ठेवल्या गेल्या. पाचव्याचा नातीने फोटो काढून ठेवला, कारण त्यात रात्रीच्या डिस्कोची वेळ होती. म्हणजे खरी वेळ अख्ख्या कुटुंबात एका फोनमध्ये होती आणि त्या फोनच्या मालकिणीला कोणी काही विचारत नव्हतं.

सकाळी ध्वनिक्षेपकावरून घोषणाही झाली होती. त्या वेळी मंडळी डोशाच्या रांगेत होती.

समोर काय काय होतं

पहिला पर्याय जहाजाच्याच सहलीचा: वातानुकूलित बस, जुनं गोवे आणि एक मंदिर. माणशी दर ऐकून भाऊकाकांनी बारांनी गुणलं आणि विषय संपवला. या सहलीचा एक फायदा त्यांना कोणी सांगितला नाही, किंवा सांगितला असला तरी तो दराच्या आवाजात बुडाला. जहाजाची स्वतःची बस उशिरा आली तर जहाज शक्यतो थांबतं. तुमची तुम्ही केलेली गाडी उशिरा आली तर थांबत नाही. जास्त पैसे घेतात त्यातला बराचसा भाग या हमीचा असतो.

दुसरा पर्याय, दोन टॅक्स्या करून जवळपास फिरायचं. तिसरा ताईचा होता: ज्यांना दगड बघायचे त्यांनी जावं, बाकीच्यांनी जहाजावर पाय पसरावेत. तो ऐकून माई एवढंच म्हणाल्या, "पंचाहत्तरी त्यांची आहे ना?" तिसरा पर्याय तिथे संपला.

निवडला तो चौथा. एक सतरा आसनी टेंपो ट्रॅव्हलर आणि नानांची यादी: तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर, हरवळ्याच्या लेण्या, नार्व्याचा सप्तकोटेश्वर, जुनं गोवे, आणि "जमलंच तर" चांदर.

यादी वाईट नव्हती. तांबडी सुर्ल्याचं देऊळ बाराव्या-तेराव्या शतकातलं, कदंबकाळातलं, आणि त्या काळातलं गोव्यात बऱ्यापैकी अभंग उरलेलं एकमेव. सप्तकोटेश्वर हे कदंबांचं कुलदैवत. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला. हरवळ्याच्या लेण्या जांभ्या दगडात कोरलेल्या, साधारण सहाव्या-सातव्या शतकातल्या. जाणकार माणसाने काढलेली यादी होती, पण जाणकार माणूस नकाशा शतकांनी मोजत होता. तांबडी सुर्ल एका टोकाला, भगवान महावीर अभयारण्याच्या रानात; मुरगावाहून दोन तास. हरवळे-नार्वे डिचोली तालुक्यात, तिसऱ्याच दिशेला.

बंदराच्या फाटकाबाहेर चालकाने यादी वाचली आणि म्हणाला, "काका, हें एका दिसाचें न्हय." मग त्याने स्वतःहून सुचवलं, "पयलीं पयस वचया, मागीर लागीं." म्हणजे पहिलं लांबचं, मग जवळचं: आधी सरळ बोरीच्या पुलावरून फोंडामार्गे तांबडी सुर्ल करू, येताना जमेल ते बघू. दिवसभरातला हा सगळ्यात शहाणा सल्ला होता आणि तो पहिल्या पाच मिनिटांत फुकट मिळाला होता. जावईबापूंचं म्हणणं पडलं की जुनं गोवे "वाटेतच" आहे. नवा झुआरी पूल बघायचाच होता, त्यावरून गेलं की जुनं गोवे वाटेतच लागतं. चालकाने खांदे उडवले. गाडी सांगणाऱ्याची असते.

दिवस कसा गेला

पावणेनऊला गाडी हलली, पावणेदहाला जुन्या गोव्यात पोचली. बॉम जेझू, समोरचं से कॅथेड्रल, फोटो. नानांना या दोन्हींपेक्षा ओढ होती ती भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाची. तिथे कदंबकालीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, आणि काहींवर जहाजांमधली लढाई कोरलेली आहे. समुद्रावरून आलेल्या माणसाने बघावं असं ते खरंच आहे. पण तो शुक्रवार होता आणि हे संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

नाना दारावरची पाटी दोनदा वाचून परत आले. काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा परिणाम असा झाला की तांबडी सुर्ल आता रद्द करणं कोणालाही शक्य राहिलं नाही. एक गोष्ट हुकली म्हणून दुसरी काहीही करून दाखवायचीच, हे मी सहलींत फार वेळा पाहतो. हुकलेल्या गोष्टीचे हप्ते पुढच्या वेळेतून कापले जातात.

अकराला निघाले. फोंड्याकडे जाताना मावशी म्हणाल्या, देवाच्या दारावरून असंच कसं जायचं, फक्त पाया पडून येऊ. साडेअकराला गाडी देवळापाशी थांबली. दहा मिनिटांत दर्शन झालंही. माईंनी पर्समधून घडी घातलेली नोट काढली आणि दानपेटीत सोडली. नोटेच्या घडीत जहाजाचं कार्ड होतं.

हे कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, जहाजावरचं उधारीचं खातं आणि गँगवेवरची ओळख, सगळं एकात. पेटीच्या फटीतून ते आत पडताना टक् असा आवाज आला. नोट पडताना असा आवाज येत नाही, हे माईंच्या लगेच लक्षात आलं.

पुढचा पाऊण तास बैठक देवस्थानच्या कचेरीत. कचेरीतल्या गृहस्थांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की पेटी अशी उघडता येत नाही. ती ठरल्या दिवशी, समितीच्या माणसांसमोर उघडतात, पैसे मोजतात, नोंद होते. गोव्यातली अशी देवस्थानं पोर्तुगीज काळातल्या, 1933 च्या देवस्थान कायद्याखाली चालतात. महाजन, म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरेने आलेले सभासद, असतात, निवडलेली समिती असते आणि वर प्रशासक म्हणून तालुक्याचा मामलेदार. जावईबापूंनी विचारलं, मग मामलेदारांना फोन लावता येईल का? गृहस्थ म्हणाले, "लावा की. पण कार्ड काढायला मामलेदार आले तर पंचनामा होणार, आणि पंचनामा झाला तर तुमची बोट मुंबईला पोचलेली असणार."

दादांनी चुंबक लावून बघू असं सुचवलं. भाऊकाकांनी प्लास्टिकला चुंबक लागत नाही हे समजावून दिलं. काकूंनी चिमट्याची चौकशी केली, आणि कचेरीतल्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे पाहून मागेही घेतली.

या सगळ्यात अकरा वर्षांचा नातू तीनदा म्हणाला, "आजी, रिसेप्शनवर दुसरं देतात." आदल्या दिवशी त्याचं कार्ड पोहण्याच्या तलावाजवळ हरवलं होतं आणि जहाजाच्या रिसेप्शनवर त्याला दोन मिनिटांत नवं मिळालं होतं. जहाजाच्या संगणकात प्रत्येक प्रवाशाचा फोटो असतो. बंदराच्या फाटकावर आधार कार्ड आणि जहाजाची यादी जुळली की आत सोडतात. म्हणजे मुळात अडचणच नव्हती. पहिल्यांदा त्याला "थांब रे" मिळालं, दुसऱ्यांदा पेढा, तिसऱ्यांदा "मोठी माणसं बोलतात ना".

बारा पंचवीसला निघाले. फोंड्यात पोचल्यावर दुपारचा निर्णय आला, आणि माझ्या मते हाच मुख्य.

फोंड्यातला निर्णय

इथे बसून जेवण, मग सरळ जहाज, असा ताईचा आग्रह होता. मुलगा कंटाळला होता, मावशींचे गुडघे दुखत होते. नाना गप्प. दादांनी चालकाला विचारलं, सुर्ल करून वेळेत परत पोचू का? त्याने उलट विचारलं, "बोटीची वेळ किती?" जावईबापू म्हणाले, साडेपाच.

चालकाने मनात हिशेब केला. इथून सुर्ल तासभर, तिथे अर्धा तास, परत मुरगाव दोन-सव्वादोन तास. पावणेपाच, फार तर पाच. "जातलें," म्हणजे होईल, तो म्हणाला. दिलेल्या वेळेसाठी उत्तर अचूक होतं. फक्त वेळ चुकीची दिली होती. जाणत्या माणसाला चुकीचा आकडा देऊन घेतलेला सल्ला न घेतलेल्या सल्ल्यापेक्षा वाईट, कारण मग सगळे निर्धास्त होतात.

इथे एक चांगली गोष्टही झाली, ती सोडून चालणार नाही. कुटुंबाने सगळ्यांनी एकत्रच राहायचं हा हट्ट सोडला. ताई, नातू, मावशी आणि मावशीचे यजमान टॅक्सी करून परत निघाले आणि अडीचला जहाजावर पोचले. त्यांच्याबरोबर दोन गोष्टी मात्र गेल्या: ज्याला कार्डाचं खरं माहीत होतं तो मुलगा, आणि परतीच्या वेळेची आठवण झाली असती अशी एकमेव मोठी व्यक्ती. ताईने जहाजावर शिरताना फाटकावर साडेचारची पाटी वाचली आणि लगेच नवऱ्याला फोन लावला. तेव्हा तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर होता.

उरलेल्या आठांनी पातळ भाजी-पाव आणि बन्स बांधून घेतले आणि खांडेपार, तिस्क, मोले, बोळकर्णे करत पाच कमी दोनला तांबडी सुर्ल गाठलं.

देऊळ बघताच नाना बदलले. रानाच्या कुशीत, नदीकाठी, काळ्या बेसॉल्टचं लहानसं देऊळ. आमच्याकडे दगड म्हणजे जांभा. हा दगड घाटावरून खाली आणलेला. नानांनी प्रत्येकाला खांब हाताने चाचपायला लावले, खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती दाखवला, छतातलं कमळ दाखवलं. मंडपातला नंदी शीर नसलेला. काकू नेहमीप्रमाणे नंदीच्या कानात काहीतरी सांगायला वाकल्या आणि मध्येच थबकल्या. "आता सांगू कुठे?" नाना म्हणाले, "इतकी शतकं ऐकून झालंय त्याचं. पुढे चल."

ही वीस मिनिटं सगळ्या सहलीत उत्तम गेली असं आठही जण सांगतात. आणि हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. ठिकाण चुकलेलं नव्हतं.

अडीचला नातीने देवळाचे फोटो बघताना फोनमध्ये मागे सरकवलं आणि ते पत्रक समोर आलं. "बाबा, ऑल अबोर्ड म्हणजे काय?" सगळ्यांनी जहाजावर परत असायची वेळ: साडेचार. दादांनी फोन हातात घेतला. मग जावईबापूंनी घेतला. मग चालकाने.

धावपळ झाली. गाडीत बसल्यावर दादांनी मोजलं: आठ. निघाले. बोळकर्णे जवळ आल्यावर काकूंनी पाण्याची बाटली मागे दिली, "अहो, घ्या," आणि ती कोणी घेतली नाही. भाऊकाका गाडीत नव्हते. दहा जण नदी ओलांडतात, प्रत्येक जण मोजताना स्वतःला विसरतो आणि दहावा वाहून गेला म्हणून रडतात, ती वेदान्तातली गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. इथे उलटं झालं. दादांनी मोजताना चालकालाही धरलं होतं, म्हणून आठ भरले. भाऊकाकांनी सकाळी बोट लागू नये म्हणून गोळी घेतली होती आणि जमिनीवर बोट लागत नसली तरी गोळीची झोप येतेच. ते नदीकाठच्या झाडाखाली उताणे झोपले होते. उठवल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "चहा झाला?"

तीन वाजून पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा निघाले.

जहाज धक्क्यावर असताना

मोल्याच्या अलीकडे रेंज आली आणि ताईचे नऊ फोन एकदम दिसले. पत्रकाच्या फोटोत तळाशी बंदरातल्या एजंटचा नंबर होता. तो लावायची बुद्धी वहिनींना झाली. एजंटने नावं, केबिन क्रमांक लिहून घेतले, जहाजाला कळवतो म्हणाला आणि स्पष्ट सांगितलं की खासगी गाडीने गेलेल्यांसाठी जहाज थांबेल अशी आशा धरू नका. चालकाने जुन्या गोव्याचा रस्ता सोडून बोरी-वेर्ण्याचा धरला. वेर्ण्यात औद्योगिक वसाहतीची पाळी सुटलेली.

पाच वाजून दहा मिनिटांनी बंदराच्या फाटकाशी. जहाज तिथेच होतं. शिडी उचललेली, दार बंद, पण जहाज जागचं हललेलं नाही. वरच्या डेकवरून ताई, नातू, मावशी आणि मावशीचे यजमान हात हलवत होते. नातू दोन्ही हातांनी. ही वीस मिनिटं फार लांबली, असं जावईबापू सांगतात. समोर आहे आणि चढता येत नाही. माईंनी फाटकावरच्या जवानाला विचारलं, "अहो, ते काका खाली दोरी सोडतील का?" जवान हसला नाही, त्याने खुर्ची आणून दिली.

साडेपाचला जहाज सुटलं. वेळेवर.

पुढची रात्र

फाटकावरच पर्याय मोजले गेले. मडगावला जाऊन संध्याकाळची कोकणकन्या धरायची, तर आठ जणांना आरक्षणाशिवाय, पंचाहत्तरीच्या माणसासह रात्र काढायची. रात्रीची स्लीपर बस, तर मावशी नसल्या तरी गुडघे काकूंनाही होतेच. गोव्यात मुक्काम करून सकाळी निघायचं, तर सामान आणि घराच्या किल्ल्या उद्या मुंबईत बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला एकट्याच पोचणार. दाबोळीचा विमानतळ बंदरापासून अगदी जवळ. सगळ्यांची आधार कार्डं जावईबापूंच्या गळ्यातच होती. सकाळपासून जे एक काम ठरल्याप्रमाणे झालं होतं ते आता उपयोगी पडलं. नानांच्या गोळ्या माईंच्या पर्समध्ये होत्या. विमान ठरलं. आयत्या वेळच्या आठ तिकिटांची रक्कम जहाजाच्या सहलीच्या बारा माणसांच्या दरापेक्षा बरीच वर गेली. भाऊकाकांनी या वेळी गुणाकार केला नाही.

विमानतळावर वाट पाहताना ताईचा फोटो आला. रात्रीच्या जेवणाला नानांच्या नावाचा केक आधीच सांगून ठेवलेला होता. वेटर टाळ्या वाजवत, गाणं म्हणत आले, टेबलावर एकच वयस्कर गृहस्थ दिसले, आणि त्यांनी मावशीच्या यजमानांच्या डोक्यावर चकचकीत टोपी घातली. यजमान अडुसष्टचे. त्यांनी केक कापला. "नाही म्हणणं बरं दिसलं नसतं," असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास आठ जण डोंबिवलीला पोचले तेव्हा किल्ल्या केबिनच्या तिजोरीत, भर समुद्रात होत्या. शेजाऱ्यांनी पिठलं-भात टाकला आणि हॉलमध्ये गाद्या घातल्या. सकाळी जावईबापू आणि दादा बॅलार्ड पिअरला जाऊन उभे राहिले. जहाजातून गेलेल्या चौघांना आणि बाराही जणांच्या सामानाला विमानाने आलेल्यांनी उतरवून घेतलं.

देवस्थानच्या कचेरीतून पुढे फोन आला. पेटी उघडली, कार्ड सापडलं, परत पाठवू की दान समजू? माईंनी सांगितलं, दान समजा. दादा म्हणतात, गोव्यात खर्च केलेल्या सगळ्या पैशांत वसूल झालेला हा एकच आकडा.

काय वेगळं करता आलं असतं

गणित आधी. पोचले पाच दहाला, पोचायचं होतं साडेचारला. चाळीस मिनिटं कमी पडली. देवळाच्या कचेरीत पंचेचाळीस गेली, भाऊकाकांसाठी परत फिरण्यात वीस, जुन्या गोव्यात सव्वा तास. कार्डाचा प्रश्न नातवाच्या पहिल्या वाक्यावर सुटला असता तर बाकी सगळे गोंधळ तसेच राहूनही पाच मिनिटं आधी पोचले असते. कुटुंबात चर्चा होते ती भाऊकाकांच्या झोपेची, कारण ती हसण्यासारखी आहे. ते बिचारे एकटे दोषी ठरले. हे मला पटत नाही.

माझ्या वर्गात यावर मतभेद झाले. काही चालक म्हणाले, जुनं गोवे घेतलं तिथेच दिवस गेला. मला ते अर्धंच पटतं. तिथून अकराला निघूनही सुर्ल सहज झालं असतं. गोची अशी की प्रत्येक अडचणीनंतर यादी तशीच राहिली. संग्रहालय बंद निघालं, काही गाळलं नाही. कार्ड पडलं, काही गाळलं नाही. हरवळे आणि नार्वे रद्द झाले तेही कोणी ठरवून नव्हे, ते आपोआप मागे पडले. फोंड्यात "काय सोडायचं?" असा प्रश्न आलाच नाही, "पोचू का?" एवढाच आला.

दुसरं असं की माहिती तिघांकडे होती: अंतराची चालकाकडे, कार्डाची नातवाकडे, वेळेची नातीच्या फोनमध्ये. निर्णय घेणारे जावईबापू, दादा आणि, न बोलता, नाना. या दोन गटांची गाठ दिवसभरात फक्त एकदा पडली, तीही अडीच वाजता, रानात. घरची सहल असली की वयाचा मान बोलण्याच्या क्रमातही पाळला जातो. त्याला इलाज म्हणून मी एवढंच सुचवतो की निघण्यापूर्वी वेळेचा आणि कागदांचा ताबा घरातल्या सगळ्यात लहान शहाण्या माणसाकडे द्यावा. ते पोर घड्याळ बघायला लाजत नाही.

नानांसारख्या प्रवाशाला मी काय सुचवलं असतं? तांबडी सुर्ल हवंच असेल तर तेवढंच. पावणेनऊला निघून बोरीमार्गे पावणेअकरा, तिथे निवांत तासभर, परत येताना फोंड्यात जेवण, आणि तरी तीनपर्यंत धक्क्यावर. तेवढा प्रवास नको असेल तर चांदर: जुनं चंद्रपूर, उत्खननात निघालेला देवळाचा पाया, आणि तिथेही एक शीर तुटलेला नंदी, बंदरापासून कितीतरी जवळ. कुशावतीकाठच्या उसगाळीमळची प्रागैतिहासिक कातळचित्रं, जांभ्यावर कोरलेले बैल, हरणं आणि ते गोल गोल चक्रव्यूहासारखं चित्र, ही जहाजाच्या दिवसात बसवूच नयेत. ती बघायला गोव्यात राहायला यावं.

चालकाबद्दल एक. त्याने विचारलेला प्रश्न, "बोटीची वेळ किती?", आपल्याकडे सगळेच असाच विचारतात आणि त्याला दोन खरी उत्तरं असतात. तो आता गाडी सुरू करण्याआधी "कागद दाखवा" म्हणतो, बुकिंगचा नव्हे, दाराखालून आलेला. त्यावरची वेळ खडूने पुढच्या काचेच्या कोपऱ्यात लिहितो, आणि माणसं मोजताना आधी खाली उतरून उभा राहतो.

नानांनी त्याच चालकाला परवा फोन केला होता. उसगाळीमळला चार दिवस यायचं म्हणतात. रेल्वेने, मडगावला उतरून. बरोबर फक्त नात.